हेवी मेटलच्या जन्मात प्रोग्रेसिव्ह रॉकचा वाटा

१० ऑक्टोबर १९६९ ला किंग क्रिमझन या लंडनच्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा पहिला अल्बम बाजारात आला. त्यानंतर सहाव्या दिवशी बर्मिंगहॅमची चार पोरं लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत शिरली आणि एका दिवसात आपला पहिला अल्बम वाजवून बाहेर पडली. ती पोरं म्हणजे ब्लॅक सॅबथ. त्यांचा अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि हेवी मेटलचा जन्मदाखला म्हणून बहुतेक जण आज तोच पुढे करतात. पण मेटल मनापासून ऐकणाऱ्यांच्या चर्चेत एक दावा वारंवार कानावर येतो: खरा बाप क्रिमझन. मेटलची मुळं प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमध्ये, आहेत, सॅबथने ती फक्त रांगडी करून लोकांपुढे ठेवली. समोरची बाजू तितक्याच तावातावाने सांगते की प्रोग्रेसिव्ह रॉक हे शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरच्या मुलांचं संगीत. मेटल जन्मलं ते कारखान्यात आणि ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात, या दोघांचा सुतराम संबंध नाही.

माझं मत असं की पहिला दावा १९६९-७० च्या बाबतीत टिकत नाही आणि दुसरा १९७४ नंतर टिकत नाही. मेटल एका दिवशी, एका खोलीत जन्मलं असं दोन्ही बाजू धरून चालतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

क्रिमझनची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. त्या अल्बमचं पहिलं गाणं, ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’, आजही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दचकवतं. गिटार आणि सॅक्सोफोन एकाच रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर) एकत्र तुटून पडतात. गायक ग्रेग लेकचा आवाज इतका फाटलेला आहे की माणूस यंत्रातून ओरडतोय असं वाटावं. मग मधेच लय दुप्पट होते आणि पाच वाद्यांइतका गोंगाट करणारे चार वादक थांबतात, सुटतात, पुन्हा थांबतात, सगळे एकाच क्षणी, जणू एका हाताने बटण दाबावं तसे. हे ज्याने ऐकलंय आणि नंतर ऐंशीच्या दशकातलं थ्रॅश, म्हणजे अतिवेगवान मेटल, ऐकलंय, त्याला नातं सिद्ध करून दाखवावं लागत नाही. सॅबथच्या गायकाने, ऑझी ऑस्बर्नने, २००५ च्या आपल्या अल्बमसाठी इतरांची गाणी निवडली तेव्हा त्यात हे गाणंही होतं. २००१ मध्ये टूल या मेटल बँडने क्रिमझनला आपल्या दौऱ्यावर सोबत नेलं. मेटलवाल्यांनी हे ऋण उघडपणे मानलंय.

पण नंतरच्यांनी मानलेलं ऋण हा जन्माचा पुरावा होत नाही. त्यासाठी तारखा बघाव्या लागतात. सॅबथचं ‘ब्लॅक सॅबथ’ हे गाणं, ज्याच्यावरून बँडलाही नाव मिळालं, ते १९६९ च्या उन्हाळ्यातच तयार झालं होतं. तोवर त्यांचा बँड ‘अर्थ’ नावाने वाजवत होता; ऑगस्टमध्ये नाव बदललं. स्टुडिओत जाताना सगळी गाणी हातात बसलेली होती, म्हणून तर अल्बम एका दिवसात उरकला. सहा दिवसांपूर्वी दुकानात आलेली तबकडी ऐकून कुणी असं काही बसवू शकत नाही. क्रिमझनने त्या वर्षी ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी प्रचंड गर्दीपुढे वाजवलं होतं, हे खरं. पण सॅबथचा रस्ता वेगळा होता. ते बर्मिंगहॅमचे पब आणि हॅम्बुर्गचा स्टार क्लब यांत रात्र-रात्र वाजवून तयार होत होते.

मग दोघांत साम्य कुठून आलं? इथे एक तपशील फार मोलाचा आहे. गीझर बटलर, सॅबथचा बेसवादक, त्या दिवसांत गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेच्या नादी लागला होता. त्यातला पहिला भाग ‘मार्स’, युद्धाचा देव. तो हे बेसवर छेडत बसला होता आणि त्यातूनच गिटारवादक टोनी आयोमीला ‘ब्लॅक सॅबथ’चा रिफ सुचला, असं त्या मंडळींनी स्वतः सांगितलंय. होल्स्टच्या रचनेत पाच मात्रांचा ठोका एकाच सुरावर दळत राहतो, आणि वर ब्रासची वाद्यं षड्जावरून पंचमावर चढून तिथून अर्धा सूर खाली, तीव्र मध्यमावर, घसरतात. आयोमीच्या रिफमध्ये फक्त तीन सूर आहेत: षड्ज, वरचा षड्ज, आणि मग मधला तो तीव्र मध्यम, थरथरत ठेवलेला. एका सुराचा फेरफार सोडला तर सामान तेच.

आणि १९६९ मध्ये किंग क्रिमझन काय वाजवत होते? ‘मार्स’. मैफलीचा शेवट ते त्याच तुकड्याने करत. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर तो ‘द डेव्हिल्स ट्रँगल’ या नावाने बदललेल्या रूपात आलाही. म्हणजे दोन बँड, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच वर्षी, १९१४ साली लिहिलेल्या त्याच इंग्रजी रचनेकडे गेले. हे बाप-लेकाचं नातं म्हणता येत नाही, चुलत भावंडांचं म्हणता येईल. (होल्स्टबद्दल मराठी वाचकाला एवढं सांगायलाच हवं, की हा माणूस संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांचा त्याने स्वतः अनुवाद करून त्यांना चाली लावल्या, आणि महाभारतातल्या सावित्रीवर ऑपेरा लिहिला. मेटलच्या मुळाशी असलेला हा संगीतकार आपल्याकडे अजून नीट पोचलेला नाही याचं मला वाईट वाटतं.)

त्या तीव्र मध्यमाबद्दल आणखी एक गोष्ट. मध्ययुगात चर्चने या स्वरांतराला सैतानाचं म्हणून बंदी घातली होती, ही कथा मेटलच्या प्रत्येक माहितीपटात येते. ती दंतकथा आहे. त्याला कर्कश मानून टाळत, इतकंच. आपल्या यमनात तोच तीव्र मध्यम आहे आणि तो ऐकून कुणाच्या अंगावर भीतीने काटा येत नाही. सॅबथमध्ये भीती येते ती लयीतून, आवाजाच्या जाडीतून, आणि सुरांच्या मधल्या शांततेतून. तो रिफ इतका सावकाश चालतो की पुढचा सूर येईपर्यंत श्वास अडकतो. ही संथपणाची हिंमत सॅबथची स्वतःची. ती ना होल्स्टकडे होती, ना क्रिमझनकडे.

आता कारखान्याकडे येऊ. सतराव्या वर्षी आयोमी पत्रे कापायच्या कारखान्यात काम करत होता आणि यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या व करंगळीशेजारच्या बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. सगळं संपलं असं वाटत असताना कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची तबकडी आणून ऐकवली. राइनहार्टचीही दोन बोटं भाजल्यामुळे निकामी होती. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं घडवली, त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबता येईनात म्हणून बारीक तारा आणल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पर्यंत त्याने तारा आणखी सैल सोडल्या, सूर दीड पायरी खाली उतरवले आणि तिथून तो चिखलासारखा जड आवाज निघाला, जो आज जगभरच्या हजारो बँडचा मूळ स्वर आहे. यात सिद्धान्त नव्हता, संगीतविद्यालय नव्हतं. दुखणारी दोन बोटं होती.

आणि ब्लूज होता. सॅबथचा पहिला अल्बम आज पुन्हा ऐका. ‘द विझर्ड’ची सुरुवात ऑझीच्या माउथ ऑर्गनने होते. ‘वॉर्निंग’ हे एन्स्ली डनबरच्या ब्लूज बँडचं गाणं, त्यावर आयोमी दहा मिनिटं ऐसपैस खेळतो. बिल वॉर्डचे ड्रम्स जॅझकडून आलेले. जीन क्रूपा आणि बडी रिच हे त्याचे देव. ‘अर्थ’च्या आधी त्यांच्या बँडच्या नावातच ब्लूज हा शब्द होता. लेड झेपलिन या बँडचा १९६९ च्या जानेवारीतला पहिला अल्बम तर ब्लूजने ओथंबलेला आहे. त्याच वर्षीचं त्यांचं ‘होल लॉटा लव्ह’ शिकागोच्या विली डिक्सनच्या गाण्यावर उभं होतं. डिक्सनला त्यासाठी १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, तडजोड झाली आणि मग त्याचं नाव गाण्यावर आलं. मेटलचा पहिला अंकुर ज्या मातीत फुटला ती माती मिसिसिपीतून शिकागोत आलेल्या कृष्णवर्णीय गायक-वादकांची होती. क्रिमझनला बाप ठरवणाऱ्या मांडणीत ही माणसं चुपचाप गळून पडतात, आणि माझा त्या मांडणीवरचा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे.

पण म्हणून दोन्ही संगीतांत भिंत होती, असं म्हणणंही खोटं ठरेल. १९६९ च्या इंग्लंडमध्ये दुकानदाराला, श्रोत्याला किंवा कंपनीला ही विभागणी माहीतच नव्हती. अनेक कंपन्यांनी नाकारलेल्या सॅबथला अखेर ज्या व्हर्टिगो कंपनीने घेतलं, ती फिलिप्सने मुद्दाम ‘प्रोग्रेसिव्ह’ संगीतासाठीच काढलेली शाखा होती. कलोझियम, जेंटल जायंट आणि सॅबथ यांच्या तबकड्यांच्या मधोमध तेच काळं-पांढरं फिरतं चक्र असे. केसांची लांबी, क्लब, श्रोते, सगळं एकच. प्रोग्रेसिव्ह म्हणजे तेव्हा फक्त इतकंच, की तीन मिनिटांच्या रेडिओच्या गाण्यापलीकडे जाणारं काहीही.

आयोमी स्वतः तर काही दिवस जेथ्रो टल या प्रोग्रेसिव्ह बँडमध्ये होता. डिसेंबर १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्सनी चित्रित केलेल्या ‘रॉक अँड रोल सर्कस’मध्ये टलच्या गाण्यात टोपी घालून उभा असलेला गिटारवाला म्हणजे तोच. तो परत आला आपल्या मित्रांकडे, आणि परत येताना काय घेऊन आला ते त्याने अनेकदा सांगितलंय: बासरी नाही, विचित्र ताल नाहीत, तर सकाळी उठून कामावर जावं तशी तालमीला जायची शिस्त. टल, म्हणजे इयान अँडरसनचा बँड, सकाळी नऊला तालमीला बसायचा. सॅबथनेही तेच सुरू केलं. प्रभाव म्हणजे दर वेळी सुरांचीच उसनवारी असं नसतं.

डीप पर्पल या बँडची गोष्ट आणखी बोलकी आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला त्यांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासोबत आपल्या ऑर्गनवादकाने, जॉन लॉर्डने, लिहिलेला कॉन्चेर्टो वाजवला. प्रोग्रेसिव्ह म्हणून याहून पुढचं पाऊल त्या वर्षी कुणी टाकलं नव्हतं. गिटारवादक रिची ब्लॅकमोरला ते पटलं नाही. त्याला जोरकस रॉक हवा होता, आणि लगेच पुढच्या महिन्यापासून ‘इन रॉक’चं काम सुरू झालं, जो जून १९७० मध्ये आला आणि मेटलच्या पायाभरणीतला एक दगड ठरला. म्हणजे इथे मेटल जन्मतं ते प्रोग्रेसिव्हकडे पाठ फिरवून. तरी पाठ फिरवताना लॉर्डची शास्त्रीय बोटं कुठे जाणार? ती हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अँप्लिफायरमधून वाजवत राहिली. त्याच अल्बमवरच्या ‘चाइल्ड इन टाइम’ची सुरुवातीची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या इट्स अ ब्यूटिफुल डे या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’वरून घेतलेली आहे. मुंबईचं नाव लावलेली एक धून मेटलच्या पाळण्याजवळ अशी सापडते.

तर १९७० पर्यंतचा हिशेब असा: एकाच घरात वाढलेली भावंडं, एकमेकांचे कपडे घालणारी, पण कुणी कुणाला जन्म दिलेला नाही.

माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. १९७० मध्ये जे जन्मलं ते आज आपण ज्याला हेवी मेटल म्हणून ओळखतो ते पूर्णपणे होतं का? मला वाटतं, नव्हतं. ते जड झालेलं, काळवंडलेलं ब्लूज रॉक होतं. त्याला स्वतःचं व्याकरण नव्हतं. गाणं कसं उभं करायचं, सोलो कुठल्या सुरांत घ्यायचा, हे अजून ब्लूजच ठरवत होता. मेटल स्वतंत्र झालं तेव्हा, जेव्हा त्यातून ब्लूज निथळून गेला. हे घडलं साधारण १९७४ ते १९८० या सहा वर्षांत. आणि ब्लूज गेल्यावर रिकामी झालेली जागा ज्याने भरली त्यात प्रोग्रेसिव्ह रॉकचा वाटा फार मोठा आहे.

जुडास प्रीस्ट या मेटल बँडकडे बघा. हेही बर्मिंगहॅमच्याच परिसरातले, आणि त्यांच्या १९७४ च्या पहिल्या ‘रॉका रोला’ अल्बमचा निर्माता रॉजर बेन, सॅबथचाच. त्या अल्बमवर गायक रॉब हॅलफर्ड चक्क माउथ ऑर्गन वाजवतो. त्याच अल्बमवर एकातून एक उलगडत जाणारी तुकड्यांची मालिकाही आहे, अगदी त्या काळच्या प्रोग्रेसिव्ह पद्धतीची. दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी, अजून न मिसळलेल्या. दोन वर्षांनी ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ आला. ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’ हे पावणेआठ मिनिटांचं गाणं दोन जुनी गाणी जोडून केलेलं आहे: आधी जड रिफ, मग सगळं थांबून कुजबुजीसारखा शांत भाग, मग तिथून हॅलफर्डचा आवाज आभाळाला भिडेपर्यंतची चढण. ‘एपिटाफ’मध्ये तर गिटारवादक ग्लेन टिप्टन पियानोवर आणि गिटार गायबच. आणि मग १९७८ चा ‘स्टेन्ड क्लास’. त्याचं पहिलं गाणं ‘एक्सायटर’ लावा. माउथ ऑर्गन कुठे नाही. ब्लूजची झोकांडी कुठे नाही. सरळ, वेगवान, दोन गिटारींचं काटेकोर बांधकाम. चार वर्षांत एका बँडने ब्लूजमधून बाहेर पडायचा रस्ता कापला, आणि तो रस्ता १९७६ च्या त्या लांब, वळणावळणाच्या, शांत-प्रचंड रचनांमधून गेला. मधला टप्पा वगळला तर १९७४ वरून १९७८ ला पोचताच येत नाही.

सॅबथनेही तीच दिशा धरली होती. ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’, १९७३. ‘सॅब्रा कॅडाब्रा’ या गाण्यावर कळफलक वाजवणारा रिक वेकमन हा येस या बँडचा. येस तेव्हा लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत आपला प्रचंड लांबीचा अल्बम करत होते आणि वेकमन शेजारी सॅबथकडे येऊन बसायचा. बिदागी म्हणून त्याने पैशांऐवजी बियर घेतली, असं दोन्ही बाजू आजवर सांगत आल्यात. दोन वर्षांनी ‘सॅबोटाज’वर आयोमीने ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’चा तो रिफ दिला, ज्यात दहा वर्षांनंतरचं थ्रॅश आधीच ऐकू येतं, आणि त्याच गाण्याचा शेवट अकूस्टिक गिटारवर, जवळजवळ जॅझसारखा मोकळा. पहिल्या अल्बमच्या वेळी अशी जोडणी त्यांच्या मनातही आली नसती.

कॅनडात रश या बँडने हेच दुसऱ्या टोकाकडून केलं. १९७४ चा त्यांचा पहिला अल्बम झेपलिनच्या सावलीतला. मग ड्रमर नील पर्ट आला, शब्द लिहू लागला, आणि १९७६ च्या ‘ट्वेंटी-वन ट्वेल्व्ह’ची अख्खी पहिली बाजू वीस मिनिटांची एकच कथा झाली. ब्लॅकमोरच्या नव्या बँडने, रेनबोने, त्याच वर्षी ‘स्टारगेझर’मध्ये म्युनिकचा वाद्यवृंद आणला. ज्या वाद्यवृंदाला सात वर्षांपूर्वी त्याने नाक मुरडलं, त्यालाच आता त्याने गिटारच्या मागे उभं केलं. एकाच वर्षी तीन ठिकाणी हे घडतं, तेव्हा तो योगायोग राहत नाही.

आणि शेवटी स्टीव्ह हॅरिस. आयर्न मेडनचा संस्थापक, पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा, वेस्ट हॅम फुटबॉल संघाचा वेडा, आराखडे काढायच्या नोकरीवर असलेला. प्रोग्रेसिव्ह रॉक फक्त उंची शाळांतल्या मुलांचं, हे म्हणणारे या माणसाचं काय करणार? त्याच्या घरच्या तबकड्यांत जेथ्रो टल होते, जेनेसिस होते, विशबोन ॲश होते. विशबोन ॲशच्या १९७२ च्या ‘आर्गस’मधल्या दोन गिटारींच्या जोडस्वरांशिवाय मेडनच्या गिटारींची कल्पनाच करता येत नाही. मेडनने १९८३ मध्ये ‘द ट्रूपर’ या सिंगल तबकडीच्या मागच्या बाजूला टलचं ‘क्रॉस-आइड मेरी’ आणि १९८४ मध्ये ‘एसेस हाय’च्या मागे नेक्टार या बँडचं ‘किंग ऑफ ट्वायलाइट’ वाजवलं. मागची बाजू ही बँड स्वतःच्या आवडीसाठी वापरतो, म्हणून ती निवड मला फार प्रामाणिक वाटते. मेडनच्या १९८० च्या पहिल्याच अल्बमवर ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ आहे, सात मिनिटांचं, ताल बदलत, थांबत, नव्या धुनेवर जात. हे सॅबथकडून आलेलं नाही. ब्लूजकडून तर नाहीच.

वर्गाचा मुद्दा तसाही दोन्ही बाजूंनी गळतो. जेनेसिस चार्टरहाऊससारख्या महागड्या शाळेतून आले, वेकमन रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला, खरंय. पण येसचा गायक जॉन अँडरसन ॲक्रिंग्टनचा, शेतावर राबलेला, ट्रक चालवलेला. आणि सॅबथचा बटलर हिशेबनीस व्हायला शिकत होता. ऑझी कत्तलखान्यात आणि मोटारींच्या हॉर्नच्या कारखान्यात काम करत होता एवढ्यावरून अख्ख्या संगीताची वर्गवारी होत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. एक, पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं ते छोटं, वेगवान, बंडखोर रॉक. १९७७ नंतर मेटलला आलेला वेग, उर्मटपणा, छोट्या खोलीतला राग, हे प्रोग्रेसिव्हने दिलेलं नाही. मान्य, पूर्ण मान्य. मेटलच्या या दुसऱ्या जन्माला दोन पालक आहेत आणि पंक त्यातला एक. पण त्या वेगाचा आद्यपुरुष ज्याला म्हणतात तो लेमी कुठून आला? हॉकविंडमधून. अंतराळाच्या गोष्टी सांगणाऱ्या, एकेक लय तासभर घुमवणाऱ्या त्या बँडमधून त्याला १९७५ मध्ये काढून टाकलं आणि मग मोटरहेड हा त्याचा बँड उभा राहिला. ते नावही त्याने हॉकविंडसाठी लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचं. मेटलच्या सगळ्यांत खडबडीत धारेचा उगमसुद्धा त्या बाजूच्या डोंगरावर सापडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: मी ‘जन्म’ या गोष्टीची तारीख माझ्या सोयीने पुढे ढकलतोय. त्याला उत्तर असं, की मी सॅबथकडून काहीच काढून घेत नाही. १९७० नसतं तर १९७६ नसतं. पण आपण मेटल म्हणतो तेव्हा मनात काय असतं? दोन गिटारींचे समांतर सूर, लांब बांधीव रचना, कथा सांगणारे अल्बम, ब्लूजपासून तुटलेला स्वरसमूह, गायकाची अतितार सप्तकातली झेप. यातलं जवळपास काहीही १९७० मध्ये पक्कं नव्हतं. वजन होतं, अंधार होता. बाकीचं नंतर आलं, आणि ते कुठून आलं हे वर सांगितलंय.

आपल्याकडे हा वाद जरा वेगळ्या कारणाने रंगतो, आणि त्याबद्दल मला तळमळीने बोलायचंय. माझ्या पिढीतल्या मुंबई-पुण्याच्या पोरांनी मेटल ऐकायला सुरुवात केली ती कॅसेटवर, आणि बहुतेकांच्या हाती पहिली कॅसेट सॅबथची नव्हती. मेडनची होती, मेटालिकाची होती. म्हणजे आम्ही आत शिरलो तेच प्रोग्रेसिव्ह मुरलेल्या मेटलच्या दारातून. मेटालिकाच्या ‘ओरायन’मध्ये क्लिफ बर्टनच्या बेसचा तो मधला संथ भाग ऐकून आम्हाला वाटलं की मेटल म्हणजे हेच. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनने आपल्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर केली, आणि कोलरिजच्या कवितेवरचं ते पावणेचौदा मिनिटांचं ‘राइम ऑफ द एन्शंट मरीनर’ तिथे वाजवलं, तेव्हा त्या गर्दीला ते लांबलचक वाटलं नाही. तिथून मागे वळून बघणाऱ्याला क्रिमझनच आजोबा वाटणार, हे साहजिक आहे.

पण त्यात दुसरीही एक गोष्ट मिसळते. घरात कुणी म्हणालं की ‘हा काय धिंगाणा लावलायस’, की आम्ही बचावाला काय पुढे करायचो? यात बाख आहे, यात साडेसात मात्रांचा ताल आहे, हे वाजवायला किती कठीण आहे ठाऊक आहे का. मेटलला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आम्ही त्याचं शिकलेलं घराणं शोधत गेलो, आणि माउथ ऑर्गनवाले, सैल तारांवाले, शिकागोवाले पूर्वज मागच्या खोलीत राहिले. मेटलची किंमत त्याच्या अवघडपणावरून ठरवायची गरज नाही. आयोमीचे ते तीन सूर कुठलाही नवशिका आठवड्यात वाजवू शकतो, आणि त्या तीन सुरांपुढे निम्मं प्रोग्रेसिव्ह मेटल फिकं पडतं, असं मी ठामपणे म्हणेन.

१९८९ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटलसाठी नव्याने ठेवलेला पुरस्कार जेथ्रो टलला दिला, आणि मेटालिका हात हलवत परतली. मेटलवाल्यांचा तेव्हाचा संताप रास्त होता. टल कधीच मेटल नव्हते. पण ज्या संगीताच्या नावाने तो पुरस्कार होता, त्याच्या घडणीत टलचा हात तीनदा लागला होता: १९६८ मध्ये आयोमीला लावलेल्या तालमीच्या शिस्तीतून, हॅरिसच्या कानातून, आणि मेडनच्या तबकडीच्या मागच्या बाजूवरून.